पहिल्या घासासोबतची गोळी

रुक्माच्या पायाला भिंगरी आहे, हे गोंदियाजवळच्या गोरेगावात कुणीही सांगेल. त्यात तिच्या आठ वर्षांच्या खुशबूच्या किडन्या कामातून जाऊ लागल्यापासून तर तिला बूड टेकणं म्हणून ठाऊक नाही. पोरीची हाडं कमकुवत होऊन पाय वाकू शकतात, असं डॉक्टर म्हणाले आणि तिच्या जिवाला घोर लागला. घरात दुभती म्हैस. पण दुधात कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरसही असतो, आणि तो या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. म्हणून दूध मोजकंच आणि कॅल्शियमची गोळी.

गोळी जेवताना द्यायची होती. पण भाताच्या रोवणीच्या दिवसांत रुक्मा उजाडताच शेतातल्या बांधीत जायची आणि पोरीला जेवू घालायची सासू, सुलोचनाबाई. सासूच्या हाती औषध? छे! रुक्मानं आपलंच डोकं चालवलं. सकाळी अनशापोटी, स्वतःच्या हातानं गोळी द्यायची आणि मगच घराबाहेर पडायचं. या घरात औषध अनशापोटीच घेतात, तसंच ते लागू पडतं म्हणे.

पुढच्या तपासणीत फॉस्फरस चढला. रुक्मानं घरी येऊन पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"चोरून दूध पाजून राहिल्या न् तुमी पोरीले?"

"मी काऊन पाजीन वो? नात आहे माई!"

"मंग वाढलं कायनं?"

म्हातारीनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि कोहमाऱ्याला लेकीकडे निघून गेली. नवरा टिकेशनं तिला अडवलं नाही. रुक्माला हायसं वाटलं, हेही खरंच.

आता पोरगी पूर्ण तिच्या ताब्यात. बांधीचं काम मजुरांवर टाकून रुक्मा तिच्या ताटापुढे पहारेकऱ्यासारखी बसू लागली; गोळी मात्र सवयीनं सकाळीच. तरी गोंदियाला पुन्हा रक्त तपासलं तर फॉस्फरस आणखी वर! आता बोट दाखवायला घरात सासूही उरली नव्हती.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंनी विचारलं, "गोळी कधी देता?"

"सकाळीच, अनशापोटी. कधी चुकवत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, जेवणातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते, अंगात जाऊ देत नाही. पोटात अन्नच नसलं तर धरणार काय? सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. रुक्माला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शरम तर होतीच, पण पोरीच्या हाडांचं काय झालं असेल, ही भीती त्याहून मोठी होती.

बसमध्ये तिला धड बसवेना. गोरेगाव आलं, तरी ती उतरली नाही.

"आई, घर गेलं न् आपलं!" खुशबू ओरडली.

"कोहमाऱ्याले चाललो."

नणंदेच्या ओसरीवर सुलोचनाबाईंनी सुनेकडे पाहिलंही नाही. नातीला मात्र कुशीत ओढलं आणि भाताचं ताट आणलं. रुक्मानं उभ्याउभ्याच सारं सांगून टाकलं आणि गोळ्यांची पट्टी पुढे केली. "पहिल्या घासासंग द्याची हाय. तुमीच द्या, माय. घरी चला."

म्हातारीनं हात पुढे केला नाही. "अन् पुन्हा वाढलं तं? तवा कोनाले धरशीन?"

रुक्मानं पट्टीतून एक गोळी काढली. ताटातला भात निवत चालला होता.

"मले," ती कशीबशी म्हणाली.

"नोको," सुलोचनाबाई म्हणाल्या. "कोनालेच नोको धरू." आणि त्यांनी गोळीसाठी हात पसरला.