झाकणताईसाठी गाऱ्हाणं

माझ्या एका मैत्रिणीच्या घरात एकाही डब्याला झाकण नाही. तिची तुळस तेलाच्या डब्यात आहे. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलंय आणि नवरा तरीही उशिराच निघतो. भेंडी कापताना तिला गाणं म्हणावंच लागतं, नाहीतर बोट कापतं. हे सगळं मला माहीत होतं. तिचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

मी यवतमाळकडची. नवरा घाटाखाली ओरोसला एका ऑफिसच्या गाडीवर ड्रायव्हर लागला, म्हणून आम्ही इकडे आलो आणि थोडं आत, एका गावात दोन खोल्या घेतल्या. घरमालक काका-काकी पलीकडच्या अर्ध्या घरात राहतात. सुरुवातीला काकी काय बोलते त्यातलं मला फक्त 'गो' कळायचं. बाकीच्याला मी मान हलवायची. एकदा मान हलवली आणि घरात जिवंत खेकडे आले.

माझी शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे सोडवली. पण कोणी 'शिक्षण किती?' विचारलं की मी अजून चहा टाकायला उठते, आणि नव्या ठिकाणी बायका दुसरा प्रश्न तोच विचारतात. त्यामुळे मी ओळखी टाळायची आणि मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायची. अशाच एका व्हिडिओखाली एका बाईनं विचारलं होतं की कुकरची शिट्टी हरवली तर वर उलटी वाटी ठेवून चालेल का. खाली पंधरा-वीस जणी नुसत्या तुटून पडल्या. अजिबात नको, स्वयंपाकघर उडेल, आमच्या मावशीचं उडालं. कुकर राहिला बाजूला, गप्पा थांबेचनात, तेव्हा त्याच बाईनं ग्रुप काढला. नाव ठेवलं 'उगाच'.

ग्रुपचा नियम तिनंच केला. रोज चहाच्या आधी घरातली एक बिनकामाची गोष्ट सांगायची. नाव, आडनाव, शिक्षण, नवऱ्याचा पगार, कोणी कोणाला विचारायचं नाही. तो नियम वाचून मी देवाला हात जोडले होते, खरंच.

तरी पहिला मेसेज मी दहादा लिहिला आणि दहादा पुसला. शेवटी नुसता फोटो टाकला. माहेरच्या सवयीनं मी अंगणात सांडगे वाळत घातले होते. इकडच्या हवेत ते वाळायचे कुठले, त्यांना छान हिरवी लव आली होती. खाली लिहिलं, 'सांडग्यांनी स्वेटर घातले.' त्या दिवसापासून मी बुरशीताई. कुकरवाली शिट्टीताई, आणि जिच्या घरात झाकण नाही ती झाकणताई. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कोणी इतक्या प्रेमानं बुरशी म्हटलं नसेल.

हळूहळू काकीलाही गोडी लागली. सकाळी दारात येऊन विचारायची, आज काय घातलंस तुझ्या उगाचात. माझ्याकडे काही नसलं तर ती पुरवायची. एकदा तिनं सांगितलं की त्यांची कोंबडी काकांच्या छत्रीतच अंडं घालते, म्हणून काका पावसात टोपी घालून फिरतात. ग्रुपवर हसून हसून लोळण. फ्रिजच्या दारातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, या प्रश्नावर तर दोन दिवस गेले. शिट्टीताईकडे तिच्या लग्नातलं गुलाबपाणी निघालं.

मग एका सकाळी झाकणताईनं लिहिलं ते उगाचचं नव्हतं.

ती जेवणाचे डबे देते. गिऱ्हाईकं डबे परत करतात, झाकणं ठेवून घेतात, म्हणून तिच्या घरात झाकण नाही. डबे नवरा स्कूटरवर पोचवायचा. तो जिन्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. एका होस्टेलचे डबे तिच्याकडे होते आणि तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की या आठवड्यात सोय झाली नाही तर दुसरीकडून घेऊ. होस्टेल गेलं की तिचं काम बसलंच. ती स्कूटर शिकली होती, पण लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. आठाच्या आकड्यात गाडी फिरवायची असते, पाय टेकला की संपलं. एकदा तिचा पाय टेकला. दुसऱ्यांदा पाय टेकला नाही, गाडीच टेकली. आता मंगळवारी तिसऱ्यांदा होती.

ग्रुपवर सगळ्यांनी 'होईल ग' लिहिलं. मीही लिहिलं. पण मला परीक्षा या शब्दाचीच भीती, दिवसभर हातात काही टिकेना. काकीनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, त्यात काय, ह्यांना गाऱ्हाणं घालायला सांगू.

इकडे देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत. घरातला किंवा गावातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून सगळं मोठ्यानं, बैजवार सांगतो, याचं हे कर, तिचं ते कर, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गावात हे काम काकांचं. आवाज असा की पलीकडच्या वाडीतल्या देवालाही ऐकू जावं.

काका आंब्याची पेटी ठोकत होते. त्यांनी हातोडी बाजूला ठेवून विचारलं, "तिचा नाव काय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"खंयची?"

तेही नाही. घाटावरची असावी.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काकी म्हणाली फोन करून विचार ना, पण मी फोन पदराखाली घातला. नाव विचारलं की आडनाव येणार, आडनावामागून गाव, मग शिक्षण. तो नियम माझ्या जिवाचा होता. मी अडखळत एवढंच सांगितलं की नाव नाही, पण तिचं बाकी सगळं माहीत आहे. तुळस, घड्याळ, भेंडी.

काकांनी हातातला खिळा पेटीवर ठेवला. मग म्हणाले, "नावाचा काय नाय गो. देवाक घर गावला म्हणजे झाला." म्हणजे देवाला घर सापडलं की पुरे.

सोमवारी सकाळी देवळात गेलो, कारण मोबाइलची धड रेंज देवळाच्या पायरीवरच येते. मी ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला. झाकणताई सोडून सगळ्या होत्या. ती डबे घेऊन चालत गेली होती. बाकीच्यांना मी काय म्हणायचं ते शिकवलं. कोणी पोळ्या लाटत होती, कोणी अर्धी वेणी घातलेली. मी फोन देवाकडे तोंड करून धरला. काकांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! जिच्या घरात एका डब्याक झाकण नाय, जिची तुळस तेलाच्या डब्यात आसा, जिच्या घोवाचो पाय प्लास्टरात आसा, तिचा ह्या गाऱ्हाणा आयक रे म्हाराजा!"

मी आणि काकी म्हणालो, व्हय म्हाराजा. काका पुढचं वाक्य सुरू करतात तोच फोनमधून एक 'व्हय म्हाराजा' आलं. मग दुसरं. मग पोळ्यावालीचं. नेटमुळे सगळ्या मागे पडत होत्या आणि प्रत्येकीची वेळ वेगळी. काका थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फोनमधून एकेक होकार टपकू लागला, पागोळ्यांसारखा. शेवटी काका फोनकडे वळून म्हणाले, "बायांनो, आदी माझा पुरा होऊ द्या."

त्यावरही लांबून एकीनं भक्तिभावानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. काकीनं तोंडात पदर कोंबला. मी देवापुढे हसत होते आणि हसू नये म्हणून रडत होते.

पण काकांनी पुरं केलं. आठाच्या आकड्यात तिचा पाय टेकू देऊ नको, समोरच्या साहेबाला चांगली बुद्धी दे, मागितलं. आणि शेवटी, मला न विचारता, शब्द देऊन टाकला की पास झाली तर ती स्वतः इथं येऊन नारळ ठेवेल. माझं हसू गेलं. जिचं नाव माहीत नाही तिच्या नवसाला मी 'व्हय म्हाराजा' म्हणून बसले होते.

मंगळवारी दुपारपर्यंत ग्रुप चिडीचूप. मी त्याच पायरीवर फोन धरून बसले. काकी जेवायला बोलवायला आली आणि तीही बसली. मग झाकणताईचा आवाज आला, इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. ती पास झाली होती. कोणीतरी तिला गाऱ्हाण्याचं आधीच कळवलं होतं, नारळाचं तेवढं राहिलं होतं, आणि ती प्रत्येक वळणावर मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणत गेली होती. साहेबांनी विचारलं, कोणाशी बोलताय? ती म्हणाली, गाडीशी. होस्टेलचे डबे तिच्याकडेच राहिले.

नारळाचं तिला सांगायला माझा धीर होईना. काकीनंच फोन घेतला आणि सांगितलं. झाकणताई म्हणाली, मी यायची बॅग काढलीय.

पुढच्याच महिन्यात, होस्टेलला सुट्टी लागली तेव्हा, ती आंबोलीचा घाट उतरून एसटीनं आली. स्टँडवर चारखान्याच्या कापडानं तोंड बांधलेला डबा पोटाशी धरून एक ठेंगणी बाई उतरली. मला काही विचारावं लागलं नाही. रस्ताभर ती बोलत होती आणि मी हसत होते. रात्री काय खायला घालू, कुठे झोपवू या काळजीनं मी चार दिवस अर्धी झाले होते, ती तर काकीच्या चुलीपुढे पाय पसरून बसली.

सकाळी नारळ झाला. काकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी होकार वेळेवर आले. घरी आल्यावर अंगणातली काकांच्या मुलाची स्कूटर तिला दिसली. तिनं पर्समधलं लायसन्स काढून काकांपुढे धरलं. काका म्हणाले, ने.

मी मागे बसले. लाल रस्त्यावरून, काजूच्या बागांमधून ती अशी निघाली की मी तिच्या कमरेला मिठीच मारली. मोठ्या रस्त्याच्या तिठ्यावर पोलीस उभा होता. तिनं गाडी हळू केली. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. ती पुढून वळून परत आली. त्यानं पुन्हा पाहिलं नाही. माणूस फोनवर बोलत होता. तिसऱ्या खेपेला तिनं गाडी सरळ त्याच्यापुढे उभी केली आणि न विचारता लायसन्स काढून दिलं.

"बघा ना साहेब," ती म्हणाली. "नवीन आहे."

त्यानं घेतलं, उलटसुलट करून वाचलं. तो वाचत होता तेवढा वेळ, नाव दिसू नये म्हणून, मी मुद्दाम पलीकडच्या माडाकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "हेल्मेट कुठंय?"

आम्ही एकमेकींच्या डोक्याकडे पाहिलं. त्यालाही हसू आवरेना, दंड काही त्यानं केला नाही. लायसन्स परत दिलं आणि म्हणाला, गाडी ढकलत घरी न्या. मग भर उन्हात चढावर ती हँडल धरून आणि मी मागून, दोघी ती स्कूटर ढकलत निघालो. हसण्यानं हातातलं बळ जायचं आणि गाडी उताराला मागे यायची. मग पुन्हा थांबायचं, पुन्हा लावायचा जोर.