आक्का खुनाच्या मालिका का बघते

मंडळी, आज दुपारी काळेवाडीला आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. टीव्हीवर खुनाची मालिका लागली होती.

दहाव्या मिनिटाला मी म्हणालो, "आक्का, दिरानंच मारलंय बघ. सगळ्यात आधी जो रडतो, तोच असतो. दर भागात तेच!"

तसंच झालं. इन्स्पेक्टरनं दरडावलं आणि दिरानं कबूल केलं. मी हसलो.

आक्का हसली नाही. एक्क्याऐंशी साली दाजी सकाळी फर्स्ट शिफ्टला म्हणून सायकलवर गेले, ते परत आलेच नाहीत. सायकल तेवढी निघोजे गावाजवळ सापडली. आक्कानं दोन वर्षं पोलीस चौकीत खेटे घातले. शेवटी नवा हवालदार म्हणाला, "बाई, तुमचा कागदच सापडत न्हाई."

मी विचारलं, "रोज तेच बघून कंटाळा नाही येत गं?"

"येतो की. पण इथं कुणाचं तरी काय झालं, ते रोज कळतं."

आता कोण शोधणार? आक्काला कधीच कळणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

तुमच्या घरात असं कुणी आहे का? त्यांच्याशी तुम्ही काय बोलता?