मिसरीची डबी आणि खिचडीचं पातेलं

चुलीतली राख आणि आमचे किस्से, दोन्ही रोज उपसले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. जाफराबादजवळच्या एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आम्ही तिघी: मी, शांताबाई आणि वयानं धाकटी सिंधू. तिघींच्याही कमरेला मिसरीची डबी. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटानं दातांना घासायची. जिवाला बरं वाटतं. वाटायचं.

पोरांचे दात बघायला डॉक्टरीण आल्ती. जाता जाता आमचीही तोंडं बघितली.

"मिसरी कधी लावता, मावशी?"

"राग आला की."

"आणि राग कधी येतो?"

"शाळा भरली की."

ती हसली नाही. माझ्या गालात आतून पांढरा डाग होता. "तीन महिन्यांत सोडा. डाग तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." वर म्हणाली, तलफ आली की आधी मनात काय चाललंय ते ओळखा, अन् हाताला दुसरं काम द्या.

माझ्या मनात काय चाललंय हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी पण नाही.

मग तिघींनीही मिसरी सोडायचं ठरवलं. शांताबाईनं मिसरीच्या जागी चहा धरला. दिवसाला दहा कप. आठ दिवसांत पित्तानं आडवी. म्हणे, "मिसरीनं निदान उलट्या तरी होत न्हवत्या."

सिंधूनं काहीच धरलं नाही. मिसरी लावली की तिचं तोंड बंद राहायचं, ते उघडलं. सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून राह्यली. पाचव्या दिवशी नवऱ्यानंच बाजारातून नवी डबी आणून पुढं ठेवली. "लाव, माय. हात जोडतो."

मी जुनी डबी धुऊन तिच्यात बडीशेप भरली. तेवढ्यात गल्लीत एक म्हातारं वारलं. आमच्याकडं दुखवट्याला बाया बसल्या, की रडणं थांबतं तिथं डबी फिरते. सवयीनं मी माझी सरकवली. म्हाताऱ्याच्या सुनेनं हुंदके देत चिमूट घेतली, दातावर घासली, थांबली, अन् चावली.

"दुःखाच्या घरी बडीशेप? जेवणावळ समजल्या का?"

आता सांगा, मी सुधारले का बिघडले?

राखी दोन दिवसांवर आल्ती. माझा हात कमरेला गेला तसा सिंधूनं धरला. "मावशी, आधी ओळखा. काय वाटून राह्यलं?"

"भूक."

"आत्ताच तर जेवल्या."

मी तांदळाच्या पोत्यावर बसले. वडिलांच्या शेतातला हक्क सोडायच्या कागदावर मी सही केली नाही, तेव्हापासून माझा भाऊ बोलत नाही. राग म्हणावा तर डोळ्यांत पाणी. दुःख म्हणावं तर त्याला झोडपावं वाटतंय. इतकी वर्षं दोन्हीला एकच डबी होती. काहीच समजेना. मंग उठले, अन् मोठं पातेलं राखेनं घासायला घेतलं.

तेव्हापासून तलफ आली की पातेलं. घासलेलंच परत घासायचं.

तीन महिन्यांनी डॉक्टरणीनं तोंड बघितलं. "डाग बराच फिका पडलाय. जे करताय ते चालू ठेवा."

त्याच आठवड्यात खिचडी शिजता शिजता चूल फस्सकन विझली. पातेल्याच्या बुडाला भोक.

हेडसर वही घेऊन आले. शाळेचं सामान निकामी झालं की कारण लिहावं लागतं. "भोक कशानं पडलं, बाई?"

मी शांताबाईकडं बघितलं. शांताबाईनं चुलीकडं.

सिंधू म्हणाली, "लिहा सर. मावशीचा भाऊ बोलत न्हाई."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, अन् लिहिलं.