घोरपडीची खंडेनवमी

समस्त ग्रामस्थ, कारखानदार, कंत्राटदार आणि फुकटचे पेढे खायला जमलेले इतर मान्यवर यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मुरबाडच्या एका कारखान्यात खंडेनवमीच्या दिवशी एका यंत्रास सुट्टी मंजूर करण्यात आली, आणि त्या यंत्राच्या बदली एका माणसास कामावर जुंपण्याचे ठरले. सदर प्रसंगी मी जातीने हजर होतो. माझ्या तोंडात पेढा होता.

दवंडी संपली. आता माझ्या नेहमीच्या आवाजात सांगतो, आणि तो चढला तर चढू दे.

यंत्र माझंच. शहापुरात हायवेला लागून माझी पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही तपासणीचे रोबो बनवतो. मी मेकॅट्रॉनिक्स इंजिनियर. म्हणजे काय, असं माझ्या सासऱ्यांनी लग्न ठरवताना विचारलं होतं. मी म्हटलं, मेकॅनिक आणि वायरमन, एकाच पगारात. त्यांनी मुलगी दिली, पण अजून त्यांची खात्री पटलेली नाही.

या रोबोला चुंबकाची चार चाकं. लोखंडी टाकीच्या भिंतीला चिकटून तो वरखाली चढतो, आतलं चित्र दाखवतो, पत्रा कुठे झिजलाय ते मोजतो आणि हवेत विषारी वायू असला तर बोंब मारतो. भिंतीवर त्याला सरपटताना पाहून आमच्या शेडमधल्या लोकांनी त्याचं बारसं करून टाकलं, घोरपड. तीन वर्षं मी त्या घोरपडीपायी झोप घालवली. कारण एकच. टाकी तपासायला माणूस आत उतरतो, आणि कधीकधी उतरलेला माणूस स्वतःच्या पायांनी वर येत नाही. माझ्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘माणसाने आत जाण्याची गरज नाही’. हे वाक्य मी रात्र रात्र घासून लिहिलं नव्हतं. ते मला साधं, सरळ, सगळ्यांना पटणारं वाटलं होतं. बघा माझी अक्कल!

तर कारखान्याने घोरपड घेतली. सांडपाण्याची दोन मजली उंच टाकी तपासायची होती. टाकी रिकामी होणार फक्त दसऱ्याच्या दोन दिवसांच्या सुट्टीत, म्हणून मला पहिल्या तपासणीला खंडेनवमीलाच बोलावलं. सापगाव, किन्हवली करत सकाळी मुरबाड गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडत होतं, आणि मी गाडीत एकटाच गात होतो. इतका खूश होतो.

कारखान्यात पूजा मांडलेली. पाटावर हातोड्या, पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचा चष्मा, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मधोमध माझी घोरपड, तिच्या पाठीवर हळदीकुंकवाची पाच बोटं, कपाळावरही एक. मला गहिवरून आलं. नारळही मीच फोडला. मॅनेजरने, चाळिशीच्या, कल्याणहून येणाऱ्या, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणाऱ्या माणसाने, माझ्या हातात पेढा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि म्हणालो, "चला, आता सोडू घोरपड टाकीत."

मॅनेजरने घसा खाकरला. "आज? आज कसं शक्य आहे? पूजा झाली ना. पूजलेलं हत्यार उद्या सोनं लुटल्यावरच उचलायचं. मालकांचं कडक आहे. नवी वस्तू, पहिलंच वर्ष, अपशकुन नको."

"मग उद्या संध्याकाळी करू."

"उद्या दुपारी टाकी भरायची आहे. परवा सकाळी प्लांट सुरू. आजच व्हायला हवं."

"अहो, पण मग करणार कशाने?"

त्याने फाटकाकडे हात केला. तिथे कंत्राटी कामगारांतले एक काका उभे होते. पन्नाशीचे, किन्हवलीच्या पलीकडच्या डोंगराकडचे, घरी भातशेती, कापणी लागेपर्यंत इथे रोजावर. त्यांच्या कमरेला दोर बांधून तयार होता. "हे दरवर्षी उतरतात," मॅनेजर म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

मी पेढा गिळला. तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

"आत जाऊन हे करणार काय? हातोडीने ठोकून बघणार ना पत्रा? हातोडी तर पाटावर बसलीय, माळ घालून!"

"नुसतं बघून येतील."

म्हणजे नीट ऐका. हातोडीला सुट्टी. पान्याला सुट्टी. वेल्डिंगच्या चष्म्याला, ज्याला डोळेही नाहीत, त्याला सुट्टी. आणि अख्ख्या कारखान्यात आज जो कामाला जाणार होता, त्याला दोन फुप्फुसं होती.

"हवा तपासलीत?" मी विचारलं.

"काल संध्याकाळपासून झाकण उघडं आहे. वारा लागलाय."

मी तडक फाटकाशी गेलो, तसे काका हळूच मला म्हणाले, "साहेब, आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरायचं तर आदी कंदील सोडतात. कंदील इझला, तर मानूस उतरत नाय. हितं काय सोडतात?"

"इथे तुम्हालाच सोडतात, काका."

ते हसले. मला हसू आलं नाही. खरं तर मी इतका चिडलो होतो की काय करावं ते कळेना, आणि मला जेव्हा काय करावं ते कळत नाही तेव्हा मी तमाशा करतो. मी टाकीची शिडी चढलो. पंचाण्णव किलोचा माणूस शिडी चढतो तेव्हा आपोआप प्रेक्षक जमतात. वर पोचून मी उघड्या तोंडावर लोखंडी झाकण ओढलं आणि त्यावर मांडी घालून बसलो, पाटावर गणपती बसतो तसा.

"उतरा खाली!" मॅनेजर ओरडला. या वेळी घसा खाकरायला त्याला सवड मिळाली नाही. "तुम्ही सप्लायर आहात! टाकी आमची, माणूस आमचा!"

"आणि घोरपड?"

"तीही आमचीच! सही झालीय!"

"मग तुमच्या तीन वस्तूंपैकी कोणती आत जाऊन खराब झाली तर चालेल, ते एकदा मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने आधी घसा खाकरला. मग म्हणाला, आणि हे त्याने अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, "अहो, माणूस समजून उमजून उतरतो. मशीनला काय कळतंय?"

मी खूप मूर्ख वाक्यं ऐकली आहेत, काही स्वतः बोललोही आहे. पण या वाक्यावर मला चिडताही येईना. कारण त्या माणसाच्या डोळ्यांत दुष्टपणा नव्हता. तो खरोखरच यंत्राची काळजी घेत होता. घोरपड नाजूक असते, तिला जपून हाताळा, हे त्याला मीच आठवडाभर फोनवर शिकवलं होतं. काका नाजूक आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

खाली माणसं कुजबुजत होती. मग फाटकापासून काका पुढे आले, दोर मागे फरफटत. पाटापाशी थांबले, वाकले, चिमूटभर कुंकू उचललं आणि स्वतःच्या कपाळाला फासलं.

"घ्या. माजी बी पूजा झाली. आता मला पन उद्याच हात लावा."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं आवार हसलं, ऑफिसमधली बाई तर पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मॅनेजर लालबुंद झाला. हसण्यापुढे त्याचा नाइलाज होता. "घ्या!" तो म्हणाला. "घ्या तुमची घोरपड! काही अपशकुन झाला तर तुमच्या डोक्यावर!"

"डोक्यावर भरपूर जागा आहे," मी टकलावर हात फिरवत म्हणालो, पण चेष्टेत जीव नव्हता.

घोरपडीची माळ काकांनीच उतरवली. आधी तिला नमस्कार केला. आम्ही दोघांनी ती वर चढवली, झाकण सरकवलं, केबल जोडली, तोंडातून आतल्या भिंतीला चिकटवली आणि खाली उतरून टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यावरच्या पडद्यासमोर उभे राहिलो. पडदा संपूर्ण लाल. मॅनेजरचा चेहरा पांढरा. "बघा! सांगत होतो!" अपशकुन नव्हता, पूजेत कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू थापलं गेलं होतं. मी परत वर चढलो, केबल ओढून घोरपड बाहेर घेतली, काच रुमालाने पुसली, पुन्हा सोडली.

आता दिसू लागलं. गंजाचे पापुद्रे, एक जुना जोड, आणि तळाशी काळा गाळ. घोरपड भिंतीवरून सरकत अर्ध्यावर आली तोवर हवेत वायू काहीच नव्हता. आणखी हातभर. आणि हातातल्या डब्याने जी बोंब मारली, ती फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेली असेल. आकडे लाल. गाळातून वायू सुटत होता आणि खाली साचून राहिला होता. उघड्या झाकणातून वारा लागला होता तो फक्त वरच्या अर्ध्याला.

"हा वायू," मी सांगितलं, मॅनेजरकडे न बघता, "आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला वाटतं, वास गेला, बरं झालं. मग गरगरतं. पाय लटपटतात. त्यानंतर काय होतं ते सांगायला सहसा कुणी वर येत नाही."

डबा ओरडतच होता, तो बंद करायचं मला सुचलं नाही. काका पडद्याकडे बघत कमरेच्या दोराची गाठ सोडत होते. गाठ सुटली. दोर पायाशी पडला. ते सावकाश मॅनेजरकडे वळले, आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"म्हंजे गेल्या साली मी आतून झोकांड्या खात आलो, आन् तुमी मला बेवडा बोलून हाकलला, तवा मी पिलेलो नवतो ना!"