सायबाची तांबडी शाल
बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही उन्हाला बसून पावटे सोलले. तिच्या अंगावर तीच तांबडी शाल होती, गोऱ्या सायबानं नाताळात दिलेली. तरुणपणी ती लोणावळ्याला रेल्वेच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची. त्या नाताळच्या संध्याकाळी शाल पांघरूनच घरी आली. "सायबानं सोता खांद्यावर टाकली," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "का? तुला हात न्हाईत?" तर हसून म्हणते, "हायेत की! तुमी दुसरी आना, ही आत्ता काढते." आणायला माझ्याकडं होतं काय? जळफळत न जेवताच आडवा झालो. सकाळी आमची एकुलती अंडी देणारी कोंबडी बगलेत मारली, बंगल्यावर जाऊन सायबाच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही आमची नाताळाची भेट. आता ती शाल माझ्या घरची."