म्हैस आईला कशी ओळखती

विज्ञानावर लिहून राह्यलो म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असंल, आता दुर्बीण येणार, पांढरा कोट येणार, निदान एखादी काचेची नळी तरी. तसलं काई न्हाई. एक बादली आहे, एक म्हैस आहे, आन साडी नेसलेला मी आहे. चालत असंल तर वाचा.

आई अंबडला मावशीकडं गेल्ती, मावसबहिणीच्या बाळंतपणाला. घरी बाबा, मी आन म्हैस. ही म्हैस आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत न्हाई. बाबा धार काढायला बसले की दूध वर चढवून मख्खासारखी उभी. सकाळी बादली कोरडी, संध्याकाळीबी कोरडी.

"अशीच तटली तर कास सुजंल," बाबा म्हणले. "एखादा सड कायमचा जाईल."

मी म्हणलं, माझ्यावर सोडा. शहागडच्या ट्रकचा हॉर्न, बसचा कंडक्टर, कॉलेजातले सर, सगळ्यांच्या नकला मी करतो, आईची तर झोपेत करीन. गोठ्यात गेलो आन आईच्या आवाजात लाडानं म्हणलं, "काय गं माझी बाई, भूक लागली का?"

भिंतीपल्याडून शेजारची काकू ओरडली, "आली का गं? मुलगा का मुलगी?"

म्हशीनं नुसता कान हलवला. लग्न होऊन आल्यापासून आईला ओळखणारी काकू फसली, पण म्हैस फसली न्हाई. मंग ही आईला ओळखती कशानं? डोळ्यानं? वासानं?

कपाटातली आईची साडी नेसून गेलो. म्हशीनं हुंगलं, फुरफुरली आन लाथ झाडली. साडीला डांबरगोळ्यांचा वास. मंग खुंटीवरची काढली, आई रोज गोठ्यात नेसती ती. शेण, पेंड, घाम, सगळं त्या कापडात. आता लाथ न्हाई, फुरफुरणं न्हाई. पण दूधबी न्हाई.

"बाबा, वास बराबर आहे. कशात तरी कमी पडून राह्यलं."

"अकलेत," बाबा म्हणले.

आईला स्पीकरवर फोन लावला. "धार काढताना तू तिला काय म्हणती?"

"काईच न्हाई. गप काढते. बादली धुतली का?"

फोन ठेवला तर भिंतीपल्याड काकू हसून राह्यलेली. "गप काढते म्हणे. रोज सकाळी तुझ्या बापाचा उद्धार ऐकूनच मी चहा टाकते."

मी चकित. मी नक्कल करायचो ती माणसांतली आई, पाहुण्यांसमोरची. म्हशीजवळची आई मी ऐकलीच नव्हती, सकाळी त्या टायमाला मी पांघरुणात असतो, संध्याकाळी बाहेर. आन गंमत म्हणजे ती आई खुद्द आईलाबी ठाऊक न्हाई.

पुन्हा बसलो. कासेला हात लावला आन आईच्या आवाजात, पण हळू, सुरू केलं. "या माणसाला सांगायची सोय न्हाई. ओला टॉवेल गादीवर. मोटार चालू ठेवून गप्पा मारत बसायचं, मंग टाकी वाहती. पोरगं तर बिलकुल बापावर गेलेलं."

सड भरत गेले. बादलीत धार वाजली.

बाबा दारातच उभे होते. "बंद कर ते."

"दूध बंद होईल, बाबा."

बाबांनी जरा विचार केला. "मंग चालू ठेव. मोटारीचं वगळ."

आता माझ्या डोक्यात नवीनच किडा. हे साडीनं झालं का कुरकुरीनं? दुसऱ्या दिवशी नुसत्या कुरकुरीवर बघतो म्हणलं, तर बाबांनी साडी अंगावर फेकली. "शोध नंतर लाव. आधी कास."

आई परत आली ती पाहुण्यांकडची नवी साडी नेसूनच गोठ्यात शिरली. काकू तिला वाटेतच भेटल्ती. मी शेणानं माखलेल्या साडीत, हातात बादली.

"माझी साडी नेसून माझ्या नवऱ्याला बोलतो? तेबी गल्लीला ऐकू जाईल असं?"

तिच्या मागं म्हशीच्या सडातून आपोआप थेंब पडून राह्यलते. जुनी साडी माझ्या अंगावर, आन नुसत्या साडीनं ती पान्हा सोडत न्हाई, म्हणजे साडी बाद. मंग हे आईच्या रागावण्यानं का तिच्या स्वतःच्या वासानं?

"आई, जरा भिंतीआड जाऊन रागावती का? वासाचं कळंल."

तिनं बादली माझ्या हातातून ओढून घेतली. "कास वाचवली, बरं केलं. पण मी तिच्याजवळ जे बोलते ते घरात कुणाला बोलता येत न्हाई म्हणून बोलते. त्याची नक्कल करायची न्हाई. सोड ती साडी, आन आधी धुऊन आण."