खंडेनवमीला फोडलेलं पाकीट

माझा थोरला भाऊ, ज्याला घरात अण्णा म्हणतात, बिदरच्या मैलूरमधल्या आमच्या घरी क्रिप्टो मायनिंगचं स्वतःचं यंत्र बांधत होता. त्याला लागणाऱ्या चिप्स एकच गणित करतात आणि दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे त्या सुट्या सहसा मिळत नाहीत. कंपनी लहान गिऱ्हाइकाला उत्तरही देत नव्हती. सात महिने अण्णाने हैदराबादच्या जुन्या मालाच्या बाजारात खेटे घातले. अखेर एका व्यापाऱ्याकडे एक सीलबंद पाकीट मिळालं. चिप्स एका बोर्डापुरत्याच होत्या, आणि त्या बनवणं बंद झालं होतं. त्याच आठवड्यात अण्णाने पॉलिटेक्निकची नोकरी सोडली.

खंडेनवमीला तो कलबुर्गीला गेला होता. तिथल्या एका दुकानात चिप्स बोर्डावर डकवणारी छोटी भट्टी होती. तिची वेळ ठरवायची होती. आईने देवासमोर विळी, शिलाई मशीन, अण्णाचा मीटर असं सगळं मांडलं. पाकीट मीच आणून ठेवलं.

"बंद पाकिटाला कसली पूजा? आतलं काढ की," आई म्हणाली.

"बाळाच्या आधी बारसं कामून करायलीस?"

"व्हय, करायलेय. फोड तू."

फोडल्यापासून एका दिवसात बसवा, असं पाकिटावर छापलं होतं. मी ते वाचलं होतं. पूजेतली अवजारं आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत. दोन्ही दिवस पाऊस होता. चिप्स परत भरताना पाकिटातलं ओल दाखवणारं निळं कार्ड गुलाबी झालेलं दिसलं. मी ते खिशात घातलं आणि पाकिटाची कड इस्त्रीने चिकटवून टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत आलेल्या अण्णाबरोबर मी निघालो. कलबुर्गीच्या बसमध्ये तीन तास अण्णा बोलत होता. कार्ड माझ्या खिशातच होतं.

बोर्ड भट्टीत गेला. थोड्या वेळाने आतून बारीक तडतड ऐकू आली.

"काय अण्णा, लाह्या भाजायलास का?" दुकानदार हसला.

अण्णाने बोर्ड बाहेर घेतला आणि भिंगाखाली धरला. चिप्सना चिरा गेल्या होत्या. त्याने रिकामं पाकीट उलटं करून झटकलं.

"ह्याच्यात कार्ड असतंय. कुठाय?"

मी खिशातून काढून दिलं.

"कवा फोडलास?"

"खंडेनवमीला."

"सांगायचं होतंस की. ओल आत राहिली की भट्टीत तडकतंय. एक दिवस हलक्या आचेवर ठेवल्या असत्या तर वाळल्या असत्या. एवढंच करायचं होतं."

त्याने व्यापाऱ्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "वो माल अब नक्को पूछो भाई, खतम हो गया." अण्णाने तरीही विचारलं, चिप्स काढून घेता येतील असा एखादा जळका बोर्ड? फोन कटला. त्याने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

परतीच्या बसमध्ये त्याने बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसला.